वहिनीच्या कॉफीचा वास

वहिनी, तू गेलीस आणि घरात भाजत्या कॉफीचा वास यायला लागला.

पहिल्यांदा आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच परतले होते. चपला काढल्या आणि दारातच थांबले. कढईतल्या बिया पिवळ्या पडून तांबूस व्हायला लागतात, पहिली तडतड होते, तेव्हा सुटतो ना, तोच वास. घरात कोणी नव्हतं. दादा कारखान्यात, तुझी नंदा शेजारी खेळायला. शेगडी गार पडलेली, तिच्यातली राख पारूबाईने सकाळीच भांडी घासायला काढून नेलेली. मी आत जाऊन उगाचच दोन डबे इकडचे तिकडे केले, जरा आवाज केला, आत कोणी असलंच तर मी आल्याचं कळावं म्हणून. मग माझं मलाच हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं.

मी पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवते. भुतंखेतं नसतात हे दरवर्षी मुलांना ठणकावून सांगते. तुझ्या तेराव्याची पानं उठली नाहीत तोच तू माझं सगळं शिकवणं धुळीला मिळवलंस. तुला हे फार आवडलं असतं. माझी फजिती करायची संधी तू कधी सोडली नाहीस.

फळीवरच्या खुंटीला तुझी कच्च्या बियांची पिशवी अजून टांगलेली आहे. वास आला की मी आधी तिची गाठ बघायची. तू डावखुरी, तुझी गाठ उलटी पडते, ती दुसऱ्या कुणाला जमत नाही. गाठ जशीच्या तशी होती. भाजलेल्या कॉफीचा डबा तर तूच धुऊन पालथा घातला होतास. म्हणजे घरात भाजलेला एक दाणा नव्हता, आणि वास मात्र असा की शेजारणीने वाटी घेऊन मागायला यावं.

खरं म्हणजे त्याच्याही आधी एक गोष्ट झाली होती, ती मी कोणाला सांगितली नाही. तुला नेलं त्या दिवशी मधल्या खोलीत, तू गेलीस त्या जागी, पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला आणि वर टोपली झाकली. सकाळी पिठात पाऊल उमटतं, त्यावरून गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला ते कळतं म्हणे. नगरची मावशी या सगळ्यात तरबेज. तिने टोपली उचलली, चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "पाखराची पावलं आहेत." मागून पारूबाईने मान पुढे काढली. "पाखरू कशाचं, खूर हाय ते. गाईचं." दोघींची तिथेच जुंपली. मी वाकून पाहिलं तर मला पाखरू दिसलं नाही की गाय दिसली नाही. मला पिठावर एक तांबूस पातळ साल दिसली. बिया भाजताना ज्या साली फुंकरीसरशी उडतात आणि मग दोन दिवस केसांत, पांघरुणात, दह्यात सापडत राहतात, तसली साल. तू त्याआधी दोन महिने कॉफी भाजली नव्हतीस. फरशी तर त्या दिवशी धुऊनच काढली होती. मी ती साल नखाने उचलली आणि मुठीत धरून बसले. मावशीला वाटलं मी रडणं आवरतेय.

तुझं माहेर चिकमंगळूरकडचं. वडील कॉफीच्या मळ्यावर कारकून, घरात बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. आमच्या या कारखान्याच्या कॉलनीत तू लग्न होऊन आलीस तेव्हा रुखवतात एक पितळी फिल्टर होता, दांडा फिरवून दळायचं एक यंत्र होतं आणि ही पिशवी होती. आईने ते यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "हिच्याकडे हळद अशी दळतात का गं?" आमच्याकडे कॉफी म्हणजे उपासाची, नाहीतर पाहुण्यांची. दुधात साखर, वेलची, जायफळ आणि नावाला चिमूटभर पूड, आटेस्तोवर उकळलेली. आईने कौतुकाने तुला ती दिली. तू पेला रिकामा केलास, पदराने ओठ टिपलेस आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणालीस, "वन्सं, बासुंदी छान झालीय की हो."

तिथून आपलं जे भांडण लागलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायची, जायफळाशिवाय कॉफी म्हणजे नुसता काढा. तू म्हणायचीस, जायफळच प्यायचं असेल तर कॉफीचा जीव कशाला घ्यायचा. तू मला रीतीप्रमाणे अहो-जाहो करायचीस आणि त्या अहो-जाहोतच माझी सालटी काढायचीस. मी तुला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करायची आणि तरी वरचढ तूच. जायफळाचा मुद्दा तसाच राहिला आहे, वहिनी. अजूनही माझंच बरोबर आहे असं मला वाटतं. पण आता ते मी कोणाला सांगू?

कॉफी सांभाळणं हे तर तुझं दुसरं वेड. कच्ची बी कितीही जुनी झाली तरी चालते, तिला कापडात ठेवायची, तिला वारा लागतो. भाजली की मात्र ती उडून जायला बघते, तिला कोंडायची. दळायची ती त्या वेळेपुरती, एक चमचासुद्धा जास्त नाही. भाजलेल्या बिया तू बिस्किटांच्या डब्यात भरायचीस आणि झाकणाच्या फटीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवायचीस. डबा मसाल्यांपासून लांब हवा, हिंगापासून तर फारच लांब. आपल्या एवढ्याशा घरात हिंगापासून लांब अशी एकच जागा होती, देवांचं कपाट. आई होती तोवर रोज पूजेला बसली की म्हणायची, "देवांना तरी झोप लागत असेल का गं या वासाने?" तू म्हणायचीस, "जागे राहिलेले बरे की, आई. मागितलेलं ऐकू जाईल."

पहिल्या उन्हाळ्यात आईने जे केलं ते तुला आठवतं ना? आठवतंय का असं आता कुणाला विचारायचं, तरी विचारते. वैशाखात आमच्याकडे घरातलं सगळं उन्हात जातं. डाळी, गहू, मिरच्या, हळकुंडं, अगदी गाद्यासुद्धा. कीड लागू नये, वर्षभर टिकावं म्हणून. तू दुपारी जरा पडली होतीस. आईने तुझ्या काळजीपोटी देवांच्या कपाटातला डबा काढला, त्यातल्या भाजलेल्या सगळ्या बिया सुपात पसरल्या आणि मिरच्यांच्या शेजारी, भर उन्हात, छान हात फिरवून वाळत घातल्या. संध्याकाळी भरून ठेवताना वर चार कडुनिंबाची पानंही घातली. तू उठून आलीस, डबा उघडलास आणि तुझा चेहरा पाहून मला वाटलं, आता ही माहेरी जाते.

पण तू यंत्रापाशी बसून दळलंस, फिल्टर भरलास, सगळ्यांना कॉफी दिलीस. तिला मिरचीचा ठसका होता, खाली कडुनिंबाचा कडवटपणा होता, आणि कॉफी म्हणावं असं काहीच उरलं नव्हतं. आईने विचारलं, "आता टिकेल ना गं?" तू म्हणालीस, "हो आई, आता वर्षभर काही होत नाही हिला." दादा तेव्हा मला मुळीच आवडला नव्हता, कारण तो त्या कडू पाण्याचा घोट घेऊन "वा, काय वास आहे" म्हणाला होता. मी त्याला मनातल्या मनात बायकोचा लाडका बैल असं काहीतरी म्हटलं होतं.

पण दादाचं ते रोजचंच होतं. पाळी संपवून यायचा, ओट्यावर सायकल टेकवायचा आणि आत पाऊल टाकताना म्हणायचा, "वा, काय घमघमाट सुटलाय." उसाचा रस स्वच्छ करायला गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात, त्या भट्टीवर त्याची देखरेख. दिवसभर तो धूर नाकातोंडात, डोळे लाल, कपड्यांना तोच दर्प. घरी आल्यावर तेवढंच एक वाक्य तो चांगल्या आवाजात बोलायचा. तू आतून त्याला उत्तर द्यायची नाहीस, पण तुझे कान कसे लाल व्हायचे ते मी पाहिलंय. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईने असं लाजावं याचा मला रागच यायचा. थोडा हेवाही वाटायचा, तो आता सांगायला हरकत नाही.

मग ते घासलेट सांडलं. स्टोमध्ये ओतताना बाटली तुझ्या हातून निसटली आणि ओट्यापासून मोरीपर्यंत घासलेटच घासलेट. डोळ्यांना झोंबत होतं, नंदा खोकत बाहेर पळाली. त्यात कॉफी दोन दिवसांपासून संपलेली, तुझा भाऊ शिर्डीला दर्शनाला यायचा होता तो नवी पिशवी आणणार होता. आपण दोघी पोतेऱ्यांनी फरशी टिपत होतो आणि दादा आला. दारात उभा राहिला. "वा," म्हणाला, "आज काय घमघमाट सुटलाय कॉफीचा."

मी तोंड उघडलं होतं. "अरे, तुझं नाक..." एवढं बहुतेक बाहेरही पडलं. तू पायाच्या अंगठ्याने माझं बोट असं दाबलंस की मी ओरडलेच. दादा कपडे बदलायला आत गेला. तू पोतेरं पिळत राहिलीस, बराच वेळ, त्यात पिळायला काही उरलं नव्हतं तरी.

मी म्हटलं, "वहिनी, त्याला वासच येत नाही की काय?"

"हळू."

"डॉक्टरला दाखवायला हवं."

"दाखवू. पण कॉफीचं बोलायचं नाही, वन्सं. कधीच नाही. माझ्या गळ्याची शपथ घ्या बघू."

"अगं, पण तो रोज खोटं बोलतो तुझ्याशी."

तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "मग? रोज बोलतात ना?"

वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी मी, तुझ्या गळ्याची शपथ घेऊन मोकळी झाले.

दुसऱ्या दिवसापासून तुझं ते सुरू झालं. सायकलची घंटी वाजली, दादाचे पाय ओट्यावर आले की तू एकदम ओरडायचीस, "वन्सं, कॉफी भाजून झाली हो!" मी तुझ्या शेजारी, हाताच्या अंतरावर. माझ्या कानाचे पडदे फाटायचे. "वन्सं, आज डाळ लागली बघा खाली!" "वन्सं, तूप कढवलंय, झाकण घाला!" मग दादा आत येऊन बिनचूक म्हणायचा, कॉफीचा काय वास, किंवा अरे रे, डाळ करपली वाटतं, किंवा तूप कढवलंस का आज. एकदाही चुकला नाही. कॉलनीतल्या बायकांना वाटायचं मी बहिरी झालेय. एकीने मला तेल सुचवलं कानात घालायला. मी ते तुला सांगितलं तर तू हसून हसून भिंतीला टेकलीस, आणि दुसऱ्या दिवशी आणखी वरच्या पट्टीत ओरडलीस.

हे सगळं किती छान चाललं होतं, वहिनी.

मग हा दुष्काळ आला. पहिल्या वर्षी निभावलं, दुसऱ्या वर्षी ऊस उभाच्या उभा वाळला, गळीत अर्ध्यावर आटोपलं. पारूबाईचा नवरा मळणीची कामं सोडून खडी फोडायला गेला. रेशनवर ती अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. पाण्याचा टँकर आला की कॉलनीत हंड्यांची मारामारी. त्यातच एका संध्याकाळी दादा आत आला, ते रोजचं वाक्य बोललाच नाही, आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "ही कॉफी आता पुरे कर. लोक मिलो शिजवून खातायत आणि आपल्या घरातून भाजल्याचा वास बाहेर जातो. बरं दिसत नाही ते."

तुझ्या हातात कढईतलं उलथणं होतं. तू विचारलंस, "किती लांब जातो?"

"पार मजुरांच्या चाळीपर्यंत जातो," दादा म्हणाला. जणू स्वतः हुंगत गेला होता.

तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. मग "बरं" म्हणालीस. कढईतल्या बिया अर्ध्या कच्च्या होत्या, त्या तशाच उतरवल्यास. त्याचं बोलणं काही चुकीचं नव्हतं. चाळीत मुलं उपाशी झोपत होती आणि कोणीतरी त्याला कारखान्यावर टोमणा मारला असणार. पण ते त्याने वासावरून बोलायला नको होतं. बाकी कशावरूनही चाललं असतं.

तो बाहेर गेल्यावर तू म्हणालीस, "जिभेवर आलं होतं, वन्सं."

"मग बोलायचंस."

"बोलले असते, तर उद्यापासून ते घरात येताना काय म्हणतील?"

पण तू बोलली नाहीस तरी तेच झालं. डबा धुऊन पालथा घातलास. कॉफी नाही, म्हणून तू डाळीतुपासाठीही ओरडायची नाहीस. तू ओरडायची नाहीस, म्हणून दादाला काय बोलावं ते कळायचं नाही. तो यायचा, सायकल टेकवायचा, आत येऊन हातपाय धुवायचा. घरात त्या वेळेला जी शांतता पडायची ती मला आजारपणासारखी वाटायची. आणि मग खरंच आजारपण आलं. तुझे डोळे पिवळे झाले. दादाने तुझ्या उशाशी बसून विचारलं होतं, "मी भाजू का गं कॉफी? मला सांग, मी करतो." तू डोळे मिटूनच मान हलवलीस, नको. तुला तेव्हा पाणीसुद्धा ठरत नव्हतं. पण त्याने त्या नकोचा अर्थ वेगळाच घेतला, हे मला फार उशिरा कळलं.

वास फक्त मला येत असता तर मी गप्प बसले असते, थकव्यावर ढकललं असतं. पण एका दुपारी नंदा झोपेतून उठून माझ्याजवळ आली, केस विस्कटलेले, आणि म्हणाली, "आत्या, आई भाजतेय?" मी तिला जवळ घेतलं. ती माझ्या कुशीतूनच म्हणाली, "खिडकी लाव. बाबा रागावतील, बाहेर जाईल." मी उठून खिडकी लावली, वहिनी. वास बाहेर जाऊ नये म्हणून मी, विज्ञानाची बाई, खिडकी लावून बसले.

पारूबाईने तर भांडी मोरीतच टाकली आणि पदर नाकाला लावून मागच्या दारात जाऊन उभी राहिली. "ताई, वयनी भाजायच्या तसा वास येतूय. तुमाला येतोय का न्हाई?"

"येतोय."

"मंग आसं करा, कायतरी ऱ्हायलंय त्यांचं. इचारा त्यांना."

"तूच विचार."

"मी न्हाई बा. माझ्याशी काय बोलायच्यात त्या? घरच्यांशी बोलतील."

काय राहिलंय तुझं, हे मी खरंच विचारलं. मोठ्याने नाही. तू उत्तर दिलं नाहीस. फक्त दर दोन-तीन दिवसांनी, दादा घरात नसताना, तो वास यायचा, थोडा वेळ राहायचा, आणि दुधावरची साय मोडावी तसा अलगद मोडून जायचा. मला त्याची भीती वाटायची आणि शाळेतून परतताना माझे पाय घराकडे भराभर पडायचे. दोन्ही एकाच वेळी.

मग तो रविवार आला. दादा घरीच होता, पेपर घेऊन बसला होता. नंदा पाटी पुसत होती. तिने मान वर केली आणि सहज म्हणाली, "आत्या, आला." मलाही आला होता. मी डोळ्यांनी तिला दटावलं, पण दादाने पेपर खाली ठेवला होता.

"काय आलं?"

"आईचा वास," नंदा म्हणाली. "कॉफीचा. तुम्ही नसता तेव्हा येतो, आज तुम्ही असताना आला."

दादा उठला. स्वयंपाकघरात गेला. मी दारातून पाहत होते. तो मधोमध उभा राहिला, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. परत घेतला. पिशवीला नाक लावलं. पालथा डबा उचलून त्यात तोंड घातलं. मग कपाट उघडून देवांच्या पायाशी वाकला आणि तिथेही श्वास घेतला. मला ते बघवेना. बाहेर आला तेव्हा त्याने नंदाला विचारलं, "कुठे येतोय?" ती म्हणाली, "सगळीकडे."

तो ओट्यावर जाऊन बसला. मी चहा घेऊन गेले. चहा तसाच ठेवून तो म्हणाला, "मला येत नाही."

मी ओट्याच्या कडेला बसले.

"कशाचाच येत नाही. भट्टीवर गेला तो. किती वर्षं झाली. तिला कधी कळू दिलं नाही मी. तेवढी एक गोष्ट तिने माहेराहून आणलेली, आणि मला तिचा वास येत नाही हे कसं सांगायचं? रोज ठोकून द्यायचो. ती आतून तुला हाका मारायची ना, त्यावरून अंदाज यायचा. तिचा आवाज मोठा, म्हणून निभावलं सगळं."

समोरच्या रस्त्यावर टँकर येऊन थांबला होता. बायका हंडे घेऊन धावत होत्या. आमच्यातलं कोणी उठलं नाही.

"पण हा वास काही नाकाचा नाही ना गं?" दादा म्हणाला. "घरात कोणी भाजत नाही. मग नाक नसलेल्यालाही तो यायला हवा. तुला येतो, पोरीला येतो, त्या पारूबाईला येतो. मलाच नाही. मी तिची कॉफी बंद केली, आणि शेवटी विचारलं तर मान हलवली तिने. रागावून गेली ती. माझ्याकडे यायचंच नाही तिला."

वहिनी, तुझ्या गळ्याची शपथ होती. पण तुझा गळा कुठे होता आता? मी म्हटलं, "दादा, तिचा आवाज मोठा नव्हता."

"हं?"

"मी शेजारीच उभी असायचे. हाताच्या अंतरावर."

त्याला कळायला वेळ लागला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, टँकरकडे पाहत राहिले. मग तो म्हणाला, "केव्हापासून?"

"घासलेट सांडलं होतं तेव्हापासून."

"मी काय म्हणालो होतो?"

"कॉफीचा काय घमघमाट सुटलाय."

तो हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा. अगदी मोकळं हसला, मांडीवर थाप मारून, आणि मध्येच थांबला. "म्हणजे त्या दिवशी मी म्हणालो, वास बाहेर जातो, तेव्हा ती..." 

"हो."

"आणि तरी बरं म्हणाली."

"हो."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला माझ्या भावाच्या पाठीवर हात ठेवायची सवय नाही, आमच्याकडे ते कोणी करत नाही, पण मी ठेवला. एवढी वर्षं तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळत राहिलात आणि मी मध्ये उभी राहून कान फाडून घेतले. कुणाला एवढा संसार बघायला मिळतो? मला मिळाला, वहिनी. हे तुला जिवंतपणी सांगायचं सुचलं नाही, कारण आपण सतत जायफळावर भांडत होतो.

दादाने तोंड पुसलं आणि विचारलं, "कसा असतो गं तो? मी विसरलोय."

मी सांगायला लागले. आधी ओल्या गोणपाटासारखा, मग गहू भाजल्यासारखा. मग तडतड झाली की एकदम बदलतो, गूळ कढईला लागावा तसा, पण त्यात कडू काहीतरी, चांगलं कडू. तो डोळे मिटून ऐकत होता. नंदा येऊन दारात बसली होती.

"आत्ता येतोय?" त्याने विचारलं.

मी श्वास घेतला. रस्त्यावर सांडलेल्या पाण्याचा, तापलेल्या मातीचा वास होता. चहा गार झाला होता. बाकी काही नव्हतं. मी घराकडे तोंड करून पुन्हा घेतला. काहीच नव्हतं. मी सांगत होते तेवढ्यात तू निघून गेली होतीस.

"येतोय," मी म्हटलं. नंदाने माझ्याकडे पाहिलं, पण ती बोलली नाही. तुझी मुलगी आहे ती.

त्या दिवसापासून मला वास आलेला नाही. नंदालाही नाही. पारूबाई म्हणते, "मोकळ्या झाल्या वयनी." मला तसं वाटत नाही. मला वाटतं तू माझ्यावर चिडली आहेस, शपथ मोडली म्हणून. चिडली असशील तर ये आणि भांड. पण अशी गप्प राहू नकोस, ते तुला शोभत नाही आणि मला सोसत नाही.

दादा रोज संध्याकाळी हातपाय धुऊन विचारतो, "आला का गं आज?" आणि मी सांगते, आला. दुपारी आला, बराच वेळ होता. कधी सांगते, आज हलकाच होता. मला हे इतकं सराईतपणे येईल असं वाटलं नव्हतं. त्याचा चेहरा तेवढ्यापुरता बरा होतो, मग तो जेवतो.

काल त्याने विचारलं नाही. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. घास उचलला आणि त्याचा हात तसाच राहिला. मान थोडी वर झाली. मी वाढता वाढता थांबले.

"आज जरा जास्त भाजली तिने," दादा म्हणाला.

मी श्वास ओढून घेतला. पानातल्या आमटीचा वास होता, खिडकीतून येणारा मळीचा होता. दुसरं काही मला लागेना. दादा माझ्याकडे बघत नव्हता, तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"हो," मी म्हटलं. "थोडी जास्तच."